आत्याची तिसरी वाटी

माझ्या आत्याने मला आयुष्यभर हरवलं, तेही तीन पितळी वाट्या आणि एका सुपारीच्या जोरावर. गणपतीत ती आपट्याहून आमच्याकडे पनवेलला आली की आरतीनंतर पाट मांडायची. सगळ्यांना पाठ फिरवायला लावून तीन वाट्या पालथ्या घालायची, त्यांतल्या एकीखाली सुपारी. मी एका वाटीवर बोट ठेवायचं. मग ती उरलेल्या दोनपैकी एक उचलायची. ती नेहमी रिकामीच निघायची. आणि भुवया उडवून विचारायची, “बदलतोस का, बाला?”

बाला म्हणजे मी. पन्नाशी उलटली, केस गेले, तरी तिच्यासाठी मी बालाच. मी कधीही बदललं नाही. माझी बायको सुनंदा मात्र लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत बदलून मोकळी झाली, आणि पुढेही बदलतच राहिली. बहुतेक वेळा सुपारी तिला मिळायची. याला मी नशीब म्हणत असे.

माझा मुद्दा अगदी साधा होता. दोन वाट्या उरल्या, सुपारी एकीखाली आहे, म्हणजे अर्धं-अर्धं. मग बदलायचं कशाला? कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळ्यांची वजनं तपासण्यात माझी हयात गेली, एवढं तर मला कळतं, असं मी ठणकावून सांगायचो. घरात यावरून उभी फूट पडायची. मेहुणे माझ्या बाजूचे, बायका आत्याच्या. एकदा तर मोदक गार होईपर्यंत भांडण चाललं.

आत्या आवाज चढवायची नाही. म्हणायची, “दोन उरल्या खऱ्या, पण सारख्या नाय उरल्या. तू आंधळेपणानं बोट ठेवलंस. मी बघून उचलली. मला ठावं हाय ना सुपारी कुठं हाय ते.” तिचं म्हणणं असं की, आधी तीन वाट्यांतून एक धरली तेव्हाच मी बहुतेक चुकलेला असतो. सुपारी बाकीच्या दोघींपैकी एकीखाली असण्याचीच शक्यता जास्त. त्या दोघींतली रिकामी वाटी ती स्वतःच काढून देते, तरी मी आपला पहिलीलाच चिकटून बसतो.

मला पटेना म्हणून एका वर्षी तिने पंगतीच्या झाडून सगळ्या वाट्या मांडल्या. हॉलभर वाट्याच वाट्या. मी टीव्हीखालच्या एकीवर बोट ठेवलं. आत्याने गुडघे धरत, वाकत एकेक वाटी उचलली आणि माझी सोडून एकच शिल्लक ठेवली, बाल्कनीच्या दाराजवळची. “आता तरी बदल,” ती म्हणाली. मी बदललं नाही. सुपारी दाराजवळ निघाली. मी हादरलोच, पण तोंडाने “योगायोग” म्हणालो. सुनंदाने कपाळावर हात मारला आणि ती चहा टाकायला निघून गेली.

पुढच्या गणपतीत मी बोट ठेवलं आणि शेजाऱ्यांच्या मांजराने उडी मारून उरलेल्या दोनपैकी एक वाटी उलथवली. ती रिकामी होती. मी घाईने म्हणालो, आत्या, आज मी बदलतो. तर आत्या खो खो हसली. “आज बदलून काय व्हायचं नाय. मांजराला काय ठावं? सुपारीचीबी उलथली असती तिनं. आज तुझं अर्धं-अर्धं खरं. बाला, वाटी कोण उचलतंय ते पयलं बघावं.” शिकायला तयार झालो, तर तेही चुकीच्या दिवशी.

गेल्या वर्षी आत्याच्या पोटात दुखायला लागलं, म्हणून तिला आमच्याकडे आणली. तिचे यजमान गेल्यापासून ती आपट्याला एकटीच राहायची, पाताळगंगेच्या काठच्या आपल्या घरात. ते घर सोडून ती चार दिवससुद्धा कुठे टिकायची नाही. डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं की तीन शक्यता आहेत. पित्ताचे खडे असतील, अल्सर असेल, नाहीतर गाठ. तपासण्या करू. घरी येताना रिक्षात आत्या म्हणाली, “अल्सरच असंल. सुकटीची चटणी कवा सोडली मी?” अल्सर बरा होईपर्यंत पनवेलला राहायचं तिने कबूल केलं.

रिपोर्ट घ्यायला मी एकटा गेलो. गाठ होती, आणि पसरली होती. कापाकापीत अर्थ नाही, महिने मोजावेत, असं डॉक्टर म्हणाले. मी दवाखान्याच्या पायरीवर किती वेळ बसलो कोण जाणे. घरी सगळ्यांनी ठरवलं की आत्याला सांगायचं नाही. आमच्याकडे असंच करतात. माझ्या आजोबांना सांगितलं नव्हतं, वडिलांनाही नाही. तिला हॉस्पिटलजवळ ठेवायची आणि बरं वाटलं की आपट्याला नेऊ म्हणत राहायचं. बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, अशी माझी समजूत होती.

खोटं तर बोलायचं नव्हतं. म्हणून मी त्यातल्या त्यात एक खरी गोष्ट शोधून काढली. आत्या खिडकीशी लसूण सोलत बसली होती. मी हसत हसत म्हणालो, “आत्या, रिपोर्ट आला. खडे नाहीत बरं का.”

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या भुवया हळूच वर गेल्या.

“रिपोर्ट तू वाचलास?”

मी मान डोलावली.

“म्हंजे तुला ठावं हाय,” ती म्हणाली. “मी अल्सरवर बोट ठेवलं होतं. तू खड्यांची वाटी उचललीस. गाठीची रिकामी असती, तर तीच पयली उचलून जिन्यातनं वरडत आला असतास.”

इतकी वर्षं जो हिशोब मी नाकारत होतो, तो तिने लसूण सोलता सोलता माझ्यावरच मांडला होता. दारात सुनंदा पदर तोंडाला लावून उभी होती. आत्या मात्र रडली नाही. सालं गोळा करून तिने ताटलीत टाकली.

“मी बदलते,” ती म्हणाली. “हितं नाय राहायचं. मला आपट्याला ने.”

घरात पुन्हा उभी फूट पडली. मेहुणे म्हणाले, खेड्यात रात्री-अपरात्री डॉक्टर कुठून आणणार? आणि तिला कळलंय कशावरून, नुसता अंदाज आहे, सांग अल्सर म्हणून. या खेपेला मी आत्याच्या बाजूने बसलो. रविवारी तिला गाडीत घातलं. कर्नाळा मागे पडला तशी ती सरळ होऊन बसली आणि काच खाली करायला लावली.

पावसाळाभर ती नदीकाठी राहिली. सुनंदा तिच्याजवळ, मी शनिवार-रविवारी. आत्या गेली ती त्याच घरात, गणपती तोंडावर आले असताना. त्याच्या आदल्या रविवारी तिने पलंगावरच वाट्या मागून घेतल्या होत्या. तशातही मला पाठ फिरवायला लावलीच. मी मधल्या वाटीवर बोट ठेवलं. तिने डावीकडची उचलली, रिकामी. तिने विचारायच्या आत मी म्हणालो, “बदलतो.”

तिने उजवी उचलली. तीही रिकामी होती. सुपारी मधल्या वाटीखाली, माझ्याच.

आत्याने सुपारी माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली.

“असंबी होतं कधी कधी,” ती म्हणाली. “तरी बदललंस ते बरोबर केलंस.”