नऊ वर्षांचा अनुभव

"तुम्हाला काय येतं?"

नवीन राहायला आलेल्या माणसाला लोक साधारणपणे आडनाव विचारतात, मग गाव, मग फ्लॅट केवढ्याला पडला. आमच्या तळमजल्यावरच्या बाई यातलं काही विचारत नसत. डोंबिवलीत आमचा टेम्पो आला त्या दिवशी मी कपाटाचं एक टोक धरून जिन्याच्या वळणावर अडकलो होतो, आणि खालून हा प्रश्न आला.

मी धापा टाकत म्हटलं, "बी. कॉम. झालोय."

"शिकलात काय ते नाही विचारलं. येतं काय?"

मी विचार केला. पोहता येत नव्हतं. सायकलची चेन बसवता येत नव्हती. कपाट उचलता येत नाही हे तर दिसतच होतं. शेवटी म्हटलं, "इंग्रजी पत्रं बरी लिहितो."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि तेव्हापासून माझं नाव 'इंग्रजी' पडलं. "काय इंग्रजी, आज ऑफिसला दांडी?" असं त्या भर जिन्यात विचारायच्या. माझ्या बायकोने त्याच दिवशी, "मला कुठलाही मासा साफ करता येतो," असं सांगून टाकलं होतं. तिच्याशी बाई कायम अदबीने बोलायच्या.

सगळे त्यांना बाई म्हणत, पण त्या शिक्षिका नव्हत्या. एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात त्या पॅकिंगला होत्या. गोळ्यांच्या पट्ट्या समोरून सरकत जायच्या. एखाद्या पट्टीत एक खळगा रिकामा दिसला की ती बाजूला काढायची, एवढंच काम. अख्खी नोकरी त्यांनी रिकामे खळगे शोधण्यात काढली. निवृत्त झाल्यावर तीच नजर त्यांनी बिल्डिंगमधल्या पोरांकडे वळवली.

मे महिन्यात रोज सकाळी दहाला खाली पार्किंगमध्ये त्यांचं शिबिर भरायचं. उन्हाळी शिबिरं तुम्हीही पाहिली असतील. पिवळी टोपी, पिवळा टी-शर्ट, शेवटच्या दिवशी पिवळं सर्टिफिकेट, आणि पोरगं घरी येऊन पुन्हा मोबाइलमध्ये. बाईंच्या शिबिरात टोपी नव्हती, फी नव्हती, आणि शिकवायला कुणी मोठं माणूसही नव्हतं. ज्याला जे येतं ते त्याने बाकीच्यांना शिकवायचं, हा एकच नियम. तिसऱ्या मजल्यावरच्या सोहमचे वडील मांडव घालायचे, त्यामुळे सोहमला अकरा प्रकारच्या गाठी यायच्या. दुसऱ्या मजल्यावरची ओवी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की कोपऱ्यावरचे रिक्षावाले मागे वळून बघायचे. आमची कन्या म्हणाली, "मला काहीच येत नाही."

"वडिलांवर गेलीस," बाई म्हणाल्या. "पण काहीतरी असणार. शोध."

चार दिवसांनी शोध लागला की तिला उलटं धरलेलं पुस्तक घडाघडा वाचता येतं. मग आठवडाभर बिल्डिंगमधली सगळी पोरं पेपर उलटा धरून वाचत होती. बातम्या तशाही बऱ्या लागतात, हे मी स्वतः करून पाहिलंय.

एकदा ओवी आली नाही. बाईंनी रांगेकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "शिट्टी कुठाय?" त्या दोन मजले चढून गेल्या. ओवीची आई एकटी कमावणारी. ती माजिवड्याला एका दवाखान्यात कामाला जायची आणि सुट्टीत पोरीला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावायची. एरवी दहाच्या आधी ती किल्ली बाईंकडे टाकून जायची, पण त्या दिवशी घाईत किल्ली तिच्याच पर्समध्ये गेली होती. ओवी जाळीच्या दाराआड उभी. बाईंनी कुलूप एकदा ओढून पाहिलं. खाली आल्या आणि अख्खं शिबिर उचलून दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर नेऊन बसवलं. पोरं पायऱ्यांवर आणि ओवी आतून शिकवतेय. त्या दिवशी वर-खाली करणाऱ्या प्रत्येक माणसाला शिट्टी वाजवून दाखवावी लागली. मला वाजली नाही. मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे शिबिर सुटल्यावरच आणले.

पुढच्या वर्षी सोसायटीने पार्किंगमध्ये पिवळे पट्टे मारले आणि ठराव केला की इथे फक्त गाड्या उभ्या राहतील. मुलं गाड्यांना ओरखडे काढतात म्हणे. जवळच्या शाळेचं मैदान खोदून ठेवलेलं. व्यायामशाळेचा वरचा हॉल मिळत होता, पण त्याला भाडं. "हॉल नाही मिळाला तर ही पोरं महिनाभर कुलपात," बाई म्हणाल्या. तेवढ्यात ओवीच्या आईने दवाखान्यातून एक पत्रक आणलं. ठाण्यातली एक संस्था वस्त्यांमधल्या सुट्टीच्या उपक्रमांना अनुदान देत होती.

बाई तो फॉर्म घेऊन रविवारी दुपारी वर आल्या. मी झोपलो होतो.

"इंग्रजी, उठा. तुमचं काम निघालंय."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला माझ्या इंग्रजीची गरज पडली होती. मी चष्मा लावला, पेनाला दोनदा झटके दिले आणि सुटलोच. बाई मराठीत सांगत होत्या, मी इंग्रजीत फुलवत होतो. बाई म्हणाल्या, "गाठी मारायला शिकवतो." मी लिहिलं, 'ट्रॅडिशनल नॉट इंजिनिअरिंग'. शिट्टीचं मी 'नॉन-व्हर्बल कम्युनिकेशन' केलं. आमच्या कन्येच्या उलट्या वाचनाचं 'रिव्हर्स लिटरसी' झालं, आणि ते लिहिताना वडील म्हणून माझा ऊर भरून आला.

मग रकाना आला, प्रशिक्षकांची नावं आणि अनुभव. बाई म्हणाल्या, "सोहम, ओवी आणि तुमची लेक. जे आहे ते लिहा." मी तिघांना मिस्टर आणि मिस लावलं. वयाचा रकानाच नव्हता. अनुभवाचा होता. सोहमचं वय नऊ, मी नऊ लिहिलं. ओवीला दहा, कन्येला अकरा. माझ्या मते यात खोटं काही नव्हतं. जन्मल्यापासून माणसाला अनुभव येतच असतो.

"काय लिहिलंत?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तेच. जरा इस्त्री केली."

पंधरा दिवसांत पत्र आलं. अनुदान मंजूर! फक्त अनुभवी प्रशिक्षकांना घेऊन नौपाड्यातल्या ऑफिसात एकदा भेटून जा. मी बिल्डिंगभर पत्र दाखवत हिंडलो. "प्रशिक्षकांना घेऊन" हे शब्द वाचून मी सावध व्हायला हवं होतं, पण कौतुक ऐकण्यात राहून गेलं. जाग आली ती ठाणे स्टेशनबाहेर, बाई तिघा पोरांना केसांना तेल चोपडून, इस्त्रीचे कपडे घालून रिक्षात कोंबत होत्या तेव्हा.

"बाई, आपण पोरांना इथे बाहेर आइस्क्रीम देऊ या का? मी एकटाच आत जाऊन येतो."

"प्रशिक्षकांना बोलावलंय ना? मग तुमचं काय काम? तुम्ही खा आइस्क्रीम."

ऑफिसात एक तरुण मॅडम आणि एक वयस्कर गृहस्थ होते. मॅडमनी फाइल उघडली, हसून आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"ट्रेनर्स येतायत का अजून?"

"हे काय," बाई म्हणाल्या. "हा गाठी. ही शिट्टी. ही उलटं वाचन."

मॅडम फाइलकडे बघतात, सोहमकडे बघतात. "मिस्टर सोहम? नॉट इंजिनिअर? नऊ वर्षांचा अनुभव?"

"सप्टेंबरमध्ये दहा होतील," सोहम म्हणाला.

बाईंनी मॅडमना ते सगळं मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. मॅडमनी वाचलं. आपलं इंग्रजी मराठीत इतकं नागडं दिसतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मॅडमना हसू आवरत नव्हतं. गृहस्थ म्हणाले, "बघा ना, मुलांचं चांगलंच आहे हो. कागदावर दोन मोठ्या माणसांची नावं घाला, आम्ही पुढे पाठवतो."

मी ताबडतोब म्हटलं, "माझं घाला."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय शिकवणार?" मग गृहस्थांना म्हणाल्या, "तीस वर्षं मी रिकामी पट्टी पुढे जाऊ दिली नाही, साहेब. आता या वयात जाऊ देऊ? राहू दे तुमचं अनुदान."

फाइल मिटली. निघताना सोहमने न राहवून मॅडमच्या ओळखपत्राच्या दोरीला एक गाठ मारून दाखवली. ती त्यांना सुटली नाही. आम्ही बाहेर पडलो तेव्हा त्या कात्री शोधत होत्या.

परतताना मी बाईंची तीनदा माफी मागितली, त्यातली एकदा इंग्रजीत. डोंबिवली आल्यावर त्या बोलल्या.

"सोमवारी दहाला पोरं तुमच्याकडे येतील."

"माझ्याकडे? बाई, आमचा हॉल केवढा..."

"मग कुठे बसवू? तुमच्या इंग्रजीत?"

बायकोला सांगितलं. तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "इंग्रजी तुमचं आणि लादी माझी, होय ना?" पण रविवारी तिनेच सोफा बेडरूममध्ये ढकलायला लावला. महिनाभर मी सोफ्यावर चढून पलंगावर उतरत होतो. बावीस पोरं. फ्रिजच्या दांड्याला गाठी, खिडकीच्या गजांना गाठी. एके सकाळी ऑफिसला निघालो तर माझ्या बुटांच्या नाड्या शेजाऱ्यांच्या बुटांना बांधलेल्या. बायकोने पोरांना सुरमई साफ करायला शिकवली. पण एकही पोर कुलपात राहिलं नाही. पुढच्या दोन मे महिन्यांतही नाही. अर्ज पुन्हा कुणी केला नाही, आणि मला करायला कुणी सांगितलंही नाही.

या फेब्रुवारीत बाई गेल्या. दुपारी आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. कोकणातून भाचे आले, सामान घेऊन गेले. तळमजल्यावर आता एक क्लासवाले आलेत.

मेच्या पहिल्या सोमवारी मी पाठदुखीचं कारण सांगून रजा टाकली. पोरं येतील की नाही, माहीत नव्हतं. दहाला बेल वाजली. चौदा जण आले, आपले आपण जमिनीवर बसले. मी घसा साफ करून बोलायला उभा राहिलो.

"काका, भाषण नको," ओवी म्हणाली. आता ती माझ्या खांद्याला लागते. "आम्ही करतो आमचं."

त्यांनी केलं. एक नवीन पोरगा कागदाची बोट पाण्यात बुडू नये म्हणून कशी दुमडायची ते शिकवत होता. मी कोपऱ्यात बसून तीन बोटी बुडवल्या.

शिबिर सुटायची वेळ झाली की बाई, "पुरे आता," म्हणायच्या. तेवढं म्हटलं की पोरं उठून पांगायची. बारा वाजले. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला ते म्हणवेना. साडेबारा झाले, एक झाला. कुणीच म्हणालं नाही, म्हणून कुणी उठलंच नाही.

दीडला बायको आतून बाहेर आली, तिने सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि परत आत जाऊन मोठा कुकर लावला.