दुखत नव्हतं म्हणून

गडमुडशिंगीत आमच्या गोठ्यात चार म्हशी. धार काढण्याआधी कासेवरून हात फिरवायचा, सड चाचपायचे, हे मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी शिकवलं. त्यांना मी आत्ती म्हणते. कास कुठं कडक लागली की दगडी झाली म्हणायचं आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरला फोन लावायचा. दगडी झालेली म्हैस हात लावू देत नाही, लाथा झाडते. माझा हात या कामात एवढा तयार झाला की गल्लीतल्या बायका मला बोलावून न्यायच्या. त्याची मला घमेंडही होती, खोटं कशाला बोलू.

दिवाळीत अंघोळ करताना डाव्या छातीत चिंचोक्याएवढी गाठ हाताला लागली. दाबून बघितली. दुखली नाही. पुन्हा दाबली, तरी नाही. झालं, मी निदान करून मोकळी. दुखल्याशिवाय काही बिघडत नसतं, हे गोठ्यातलं शहाणपण मी स्वतःला लावलं. शिवाय मूल अंगावर पीत नाही, मग तिथं काय होणार? चार-आठ दिवसांनी दाबून खात्री करायची आणि कामाला लागायचं.

शिमग्याच्या आधी आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी शाळेत बायकांची बैठक घेतली. बोटं सपाट ठेवून छाती आणि काख कशी तपासायची ते दाखवलं. मी पुढंच बसले होते. मोठ्यानं विचारलं, "न दुखणारी गाठ असली तर काळजी न्हाय की?"

"तीच आधी दावायची," त्या म्हणाल्या. "परत्येक गाठ कॅन्सरची नसती, पर ते डॉक्टरनं ठरवायचं. सुरवातीला बहुतेक दुखतच न्हाय, म्हणून तर बायका घरात बसत्यात."

घरी आले तेव्हा आत्ती धार काढत होत्या. सांगून टाकलं.

"कवापास्नं हाय?"

"दिवाळीपास्नं."

त्यांनी बादली बाजूला ठेवली. "म्हशीला एक दिस दम न्हाय तुला, आन् सोताला चार म्हैनं? अक्कल गहाण ठेवलीस व्हय गं?" एवढ्या मोठ्यानं, की शेजारीण दारात आली. तिला "काय न्हाय, जा तू" म्हणून त्यांनी परत लावून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन कोल्हापूर गाठलं.

मॅमोग्राफी झाली, सुईनं काढलेला तुकडा तपासायला गेला. आठवड्यानं रिपोर्ट आला, कॅन्सरच निघाला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. जीव वाचेल, पण डावा स्तन काढावा लागेल, पुढं औषधं. मग विचारलं, गाठ लक्षात कधी आली? मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेव्हा आला असता तर कदाचित नुसती गाठ काढून भागलं असतं."

त्या वाक्याचा मला आजही राग येतो, आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

नवरा कामावरून थेट दवाखान्यात आला होता, बाहेर बाकावर बसला होता. आम्हाला बघून उठला. काय म्हणाल्या, एवढंच विचारलं त्यानं.

"जीव वाचतोय. येळेत आलाय म्हणत्यात," आत्ती म्हणाल्या.

गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारी ही बाई. पण ते चार महिने तिनं आपल्या पोराला आजतागायत सांगितलेले नाहीत. मीही नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.