लोखंडी कपाटातली सहा हजारची बॅटरी

‘‘आधी हातात घ्या. मग बोला.’’

हे म्हणताना त्या बाई हात पूर्ण लांब करत आणि वस्तू समोरच्याच्या तळव्यावर ठेवल्यावरच मागे घेत. वस्तू कोणतीही असे. भाजीवाल्याचा आतून पोकळ लागणारा मुळा, शिंप्याने उसवून पुन्हा शिवलेली बाही, दुधाची सैल पिशवी. गॅसचं सिलिंडर कुणाच्या तळव्यावर ठेवता येत नाही, म्हणून ते आणणाऱ्याचाच हात धरून त्यांनी कडीला लावला होता. ‘‘उचला. हलकं लागायलंय का नाही, तुम्हीच सांगा.’’ त्याने उचललं, हसला आणि गाडीतून दुसरं घेऊन आला.

पुण्याजवळच्या दिघीत आमची इमारत एक होती. मी वरच्या मजल्यावर, त्या तळमजल्यावरच्या एका खोलीत. परभणीकडच्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगी लग्न होऊन पिंपळे गुरवला. मी वर्तमानपत्रात काम करतो हे कळल्यापासून त्या मला ‘पेपरवाले’ म्हणत. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. कारण पुढे येईल.

चाकणच्या एका कारखान्यात त्या ठेकेदारामार्फत कामाला होत्या. काम रबरी पाइप तपासण्याचं. गाडीच्या इंजिनाला लागणारा हातभर लांबीचा पाइप उचलायचा, बोटांवरून फिरवायचा, कुठे फुगवटा किंवा चीर लागली तर लाल पेटीत टाकायचा. पाइपाच्या पिशवीवर मापाचं लेबल असे. त्या लेबल वाचत नसत असं नाही. वाचत, बाजूला ठेवत आणि पाइप बोटांवर घेत. त्यांचं ते वाक्य तपासणीच्या टेबलावरच घडलं असावं, असा माझा अंदाज आहे. विचारलं असतं तर त्यांनी तो मान्य केला नसता.

तुम्ही या पट्ट्यात राहत असाल, तर कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या बायका पाहिल्या असतील. डबा, स्टोल, हातात फोन. फोन बघत नसतात, धरून असतात. त्याचं कारण हजेरी. ठेकेदाराने ॲप आणलं होतं, बायकांपासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांना. कामावर आल्यावर गेटशी उभं राहून ‘इन’ दाबायचं, सुटल्यावर त्याच जागी ‘आउट’. मधल्या काळात फोन चालू आणि लोकेशन चालू. फोन बंद पडला की ‘आउट’ दाबता येत नसे, आणि ‘आउट’ नाही म्हणजे अर्धा दिवस गैरहजर. असं वारंवार झालं की गेटपास पुन्हा निघत नसे. आणि पास नाही तर काम नाही.

आता दुसरा नियम. मशिनांजवळ फोन न्यायला बंदी. म्हणून गेटशी एक लोखंडी कपाट होतं, खणाखणाचं, कुलपाचं. पत्र्याच्या भिंतीला टेकून ठेवलेलं. बायकांनी चालू फोन त्यात ठेवायचे आणि संध्याकाळी काढायचे. दोन्ही नियम आपापल्या जागी व्यवस्थित होते. दोघांनी मिळून काय होतं, हे पाहणं कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं.

जुना फोन संध्याकाळपर्यंत टिकेना, तेव्हा सुपरवायझरनेच त्यांना नवा सुचवला. तो चाकणजवळच्याच गावचा, तिशीतला, बोलायला मोकळा. ‘‘मावशी, सहा हजारची बॅटरी घ्या. मी घेतलाय त्योच घ्या. दोन दिस बघायला लागत न्हाई.’’ त्यांनी भोसरीच्या दुकानातून तोच घेतला, रंगही तोच. खोक्यावर बॅटरीच्या क्षमतेचा, सहा हजार एमएएचचा, आकडा एवढा ठळक, की कंपनीचं नाव त्याखाली शोधावं लागे.

पहिल्याच आठवड्यात नवा फोन कपाटातून मेलेला निघाला. मग पुन्हा. सुपरवायझर म्हणाला, ‘‘माझा बी त्योच हाय मावशी. माझा कसा मरत न्हाई? बसमधी रील बघत आसाल.’’

‘‘बसमधी मी झोपते. साऱ्या बसला विचारा, घोरते बी.’’

बस हसली. ॲप हसत नाही. अर्धा दिवस गेला तो गेलाच.

त्यांनी पहिला संशय दुकानदारावर घेतला, आणि तो चुकीचा होता. त्या दिवशी मी सोबत होतो, चार्जरची वायर घ्यायला. दुकानदार साठीचे, पिढ्यान्‌पिढ्या भोसरीतलेच, पांढरी टोपी, नाकावर चष्मा. त्यांच्या काउंटरवर फोन ठेवत बाई म्हणाल्या, ‘‘भाई, जुनी बॅटरी घातली तुम्ही. हातात घ्या, मग बोला.’’

भाईंनी घेतला. मशीन लावलं. पाहिलं. ‘‘मावशी, बॅटरी नवी आहे. पूर्ण भरते.’’

‘‘मग रिकामी कशी होते?’’

‘‘तुमच्या छपरावर पाण्याची टाकी आहे ना? तिच्यावर काय लिहिलंय? हजार लिटर. ते टाकीचं लिहिलंय. खाली नळ किती उघडा, ते टाकीवर कोण लिहील?’’

दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात हे उदाहरण कुणालाही कळतं. त्यांनाही कळलं. पण त्या उलट चिडल्या. ‘‘नळ मी उघडतच नाही भाई. दिवसभर कुलपात असतो फोन!’’ आणि दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी भाईंना खोटारडे ठरवलं. भाईंनी चष्मा काढून पुसला, एवढंच केलं.

गेटवर प्रकरण वाढत गेलं. रोज नाही, पण आठवड्यातून एखादा फोन मरायचाच. कधी यांचा, कधी दुसरीचा. प्रत्येकीला उत्तर तेच मिळे: बॅटरी मोठी आहे, मग तूच काहीतरी करतेस. एका संध्याकाळी सुपरवायझरने यांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘मावशी, आता आणखी एक आउट चुकलं तर पास माझ्या हातात न्हाई.’’

मला हे सांगताना त्या पासाबद्दल कमी बोलल्या. ‘‘काम गेलं तर दुसरं बघीन. पर पेपरवाले, तो मला खोटी म्हणायलाय. आयुष्यभर खोटा माल लाल पेटीत टाकला मी. आन् मलाच लाल पेटीत?’’

मग एका ओव्हरटाइमच्या रविवारी कपाट रंगवायला काढलं. फोन ठेवायला जागा नाही, म्हणून वॉचमनने पाइप येतात ते प्लास्टिकचे क्रेट पुढे केले. दिवसभर फोन उघड्यावर, त्याच्या टेबलाशेजारी. संध्याकाळी एकही मेला नव्हता. बायकांना ते बरं वाटलं आणि त्या बसमध्ये बसल्या. या बसल्या नाहीत. रंग ओला असलेल्या कपाटाकडे बघत उभ्या राहिल्या, ड्रायव्हरने हॉर्न दिला तरी.

त्यांचं निदान असं, की लोखंड बॅटरी ओढून घेतं. मी त्यांना समजावलं: बंद लोखंडी कपाटात फोनला रेंज मिळत नाही, तो जीव तोडून टॉवर शोधत राहतो, त्यात ॲप सारखं लोकेशन मागतं, वर पत्र्याची उष्णता, त्यात बॅटरी जाते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘बरं. तुमचं नेटवर्क. माझं लोखंड. पर कपाटच ना?’’

कपाटच, हे मला मान्य करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर काय झालं, ते मी तीन बायकांकडून, वॉचमनकडून आणि खुद्द सुपरवायझरकडून स्वतंत्रपणे ऐकलं आहे. हकीगत जुळते. फरक एका ठिकाणी आहे, तो सांगतो.

सकाळी ‘इन’ दाबून त्या कपाटापुढे थांबल्या. ‘‘मी आत ठेवणार नाही.’’

वॉचमन म्हणाला, ‘‘ताई, फोन घेऊन आत जाता येत नाही.’’

‘‘मी कुठं आत न्यायले? इथं टेबलावर ठेवते.’’

‘‘टेबलावर चालत नाही.’’

‘‘काल चालत होतं.’’

मागे रांग वाढली. दुसरी बस आली, तिच्यातल्या बायका उतरून रांगेत लागल्या. कुणी पुढे सरकेना. सुपरवायझर धावत आला. ‘‘मावशी, लाइन थांबलीया. वरून फोन यील आता.’’

‘‘येऊ द्या की. सायेब, तुमचा फोन भरलेला हाय?’’

‘‘हाय. का?’’

‘‘माझा बी भरलेला हाय. तोच फोन, तोच रंग. माझा तुमच्या ऑफिसातल्या टेबलावर ठेवा. तुमचा माझ्या खणात. एक दिवस.’’

‘‘आन् माझा टिकला तर?’’

‘‘तर ही बाई रील बघते असं गेटवर लिहून लावा. खाली अंगठा नाही, सही करते.’’

रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘‘ठेवा ना सायेब! घाबरलात व्हय?’’ मग रांगच बोलू लागली. वॉचमनने पंचासारखे दोन्ही फोन हातात घेऊन चार्जिंग मोठ्याने वाचलं. सुपरवायझरने फोन खणात ठेवला, किल्ली बाईंनी स्वतःकडे घेतली. मागच्या बायकांनी आपापले फोन कपाटातच ठेवले. त्या दिवशी तरी.

दिवस उन्हाचा होता. संध्याकाळी खण उघडला. सुपरवायझरचा फोन बंद पडला नव्हता, हे बातमीदार म्हणून नमूद केलं पाहिजे. बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. उरलेली बॅटरी वाचवायला फोनने लोकेशन स्वतःच बंद केलं होतं, आणि लोकेशन नाही म्हणून ॲप ‘आउट’ घेईना. तो हात उंच करून गेटसमोरच्या मोकळ्या जागेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरला. तेवढ्यात पडदा काळा झाला. बाईंचा फोन त्याच्या टेबलावर, पंख्याखाली, निम्म्याहून जास्त भरलेला होता.

‘‘सायेब,’’ रांगेतून आवाज आला, ‘‘रील बघत होता का?’’

फरक इथे आहे. सुपरवायझर म्हणतो, सगळ्यांत आधी तो हसला. बायका म्हणतात, तो हसला नाही. बाई हसल्या नाहीत, यावर एकमत आहे. त्यांनी त्याचा बंद फोन घेतला, हात लांब केला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला.

‘‘हातात घ्या. मग बोला.’’

‘‘तापलाय,’’ तो म्हणाला.

‘‘एवढंच म्हणायला इतके दिवस लागले, बाळा?’’

सुपरवायझरचाही अर्धा दिवस गेला. त्याने वर विचारणा केली. वरून उत्तर आलं: सहा हजारची बॅटरी आहे, मग संपली कशी? हे त्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना मात्र तो नक्की हसला. पुढच्या आठवड्यात गेटशी प्लास्टिकचे क्रेट आले. आदेश कुणी काढला नाही. कपाटात हेल्मेटं आणि हातमोजे गेले.

त्यानंतर त्या भोसरीला गेल्या. चाकणच्या बाजारातून आणलेली कांद्याची पिशवी त्यांनी भाईंच्या काउंटरवर ठेवली. भाई म्हणाले, ‘‘हे काय मावशी?’’ त्या म्हणाल्या, ‘‘हातात घ्या.’’ पुढचं वाक्य त्या दिवशी त्यांनी म्हटलं नाही. भाईंनी पिशवी उचलून आत ठेवली आणि चहा मागवला.

मी या सगळ्याची बातमी करू म्हटलं तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला. ‘‘नाव छापू नका. माझं नाव छापलं की लोक म्हणतील एका बाईनं केलं. सारी रांग उभी होती. एक जरी आत गेली असती, तर मी काय केलं असतं?’’ म्हणून नाव नाही.

काही महिन्यांनी त्यांचा पास संपला आणि नवा निघाला नाही. कारण दिलं गेलं नाही. त्या सकाळशी याचा संबंध होता असं मी लिहू शकत नाही; माझ्याकडे पुरावा नाही. संबंध नव्हता, असंही लिहू शकत नाही.

खोली सोडून त्या लेकीकडे राहायला गेल्या. निघताना फोनचं रिकामं खोकं मला दिलं. ‘‘घ्या पेपरवाले. तुम्हाला वाचायची आवड. ठळक लिहिलंय.’’ दारात ठेवलेला डबा उचलला, स्टोल बांधला आणि रिक्षात बसल्या. मागे वळून बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्यांच्या कामावरच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट मला सुपरवायझरकडून नंतर कळली. तो आमच्या चौकात चहाला थांबला होता. त्या शेवटच्या संध्याकाळी बायका ‘आउट’ दाबून बसकडे गेल्या. या क्रेटमधून फोन घेऊन गेटशी उभ्या राहिल्या.

‘‘मावशी, आउट दाबा ना.’’

त्यांनी फोन त्याच्या तळव्यावर ठेवला. ‘‘बघा. चार्जिंग हाय?’’

‘‘हाय की. भरपूर हाय.’’

‘‘लोकेशन?’’

‘‘हाय.’’

त्यांनी फोन परत घेतला. ‘‘मग आज बॅटरी मेली, रील बघितली, असं कुणी म्हणायचं नाही. सारं चालू असताना मी दाबत नाही.’’

‘‘पण का?’’

‘‘मी गेले, असं मी का म्हणू? मला तुम्ही काढायलेत. तुम्हीच दाबा.’’

त्याच्या फोनवरून त्यांचं ‘आउट’ दाबता येत नव्हतं. ज्याचं बटण त्याच्याच फोनवर असतं. त्यांनी फोन पदराने पुसला आणि बसमध्ये जाऊन बसल्या.

एवढं सांगून चहाच्या टपरीवर सुपरवायझरने स्वतःचा फोन काढला. मला वाटलं काही सांगेल, पण त्याने आधी तो माझ्या हातात दिला. हजेरीचा पडदा उघडा होता. त्यांच्या नावासमोर त्या दिवसाचं ‘इन’ होतं. पुढचा चौकोन रिकामा. ॲपच्या लेखी त्या अजून आत आहेत.