साबण लावलेलं शिसं

९ जुलै. माळ्यावरची खोकी खाली उतरवून तांडेलकाकांची वही शोधते आहे. काल गावाहून त्यांच्या पुतणीचा, शेवंतीचा फोन आला होता. वादळात खाडीतोंडावरचा वाकडा माड पडला. त्या माडावरून त्यांच्या राखलेल्या खडपाची हद्द ठरायची. आता जो तो आपल्या सोयीची हद्द सांगतो आहे. गुरुवारी सभा आहे आणि नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातील. "काकान तुका लिवन दिल्लेला ना? मगे बघ आणि सांग," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तांडेलकाकांनी मला कधी पत्ता विचारला नाही. होडीवर तांडेलकी, म्हणजे कप्तानी केलेला माणूस, त्याला खुणा लागायच्या. दर्यापासून लांब या कन्नड शहरात, मारतहळ्ळीत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायला आले, त्या दिवशी मी दारात भेटले. वेंगुर्ल्याची म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्या घरासून देवळाचो कळस खंयच्या झाडार दिसता?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि माझं माहेर कोणत्या आळीत ते बिनचूक सांगितलं. तेव्हापासून ते मला "गो बाय" म्हणू लागले.

काकी गेल्या होत्या, गुडघे गेले होते, म्हणून मुलाने आणलं. मुलगा चांगला आहे. पण तो शाळेपासून पुण्यात वाढलेला, सून नागपूरची, दोघंही सकाळी साडेआठला लॅपटॉप उघडून बसणारे. इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी मीही घरीच ड्रॉइंगं काढते, पण माझी वेळ माझी असते. त्यामुळे काका अकरा वाजता माझ्याकडे यायचे, कोरा चहा घ्यायचे आणि कुणाशी तरी मालवणी बोलून परत जायचे. मी काम थांबवत नसे. त्यांनाही ते चालायचं. "तू काढ तुझे रेघो. माका आयकणारा व्हया, बघणारा नको."

रोज सकाळी सहाला ते शेवंतीला फोन लावायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "वारो खंयचो?" दुसरा, "खडपार कोण गेल्लो?" भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मग ते बाल्कनीत पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे. समोर काचेची ऑफिसं. एकदा मला म्हणाले, "दर्या ह्याच बाजूक ना गो?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मगे ठीक आसा," आणि आणखी अर्धा तास तसेच उभे राहिले.

खडप म्हणजे किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली पसरलेला खडक. मासे तिथे अंडी घालायला येतात. उमेदीच्या काळात तिथला सगळ्यात जास्त मासा काकांनीच उपसला. "गाबोळीन भरलेलो मासो जाळ्यात इलो की आमी खूश. पोटातला सगळा गाव आमी खाल्लाव. पयलो चोर मीच," असं ते सरळ सांगत. मग जाळी रिकामी यायला लागली आणि त्यांनी खडप राखायचं ठरवलं, म्हणजे तिथे कुणीच जाळं टाकायचं नाही. लोक हसले. "म्हातारो झालो, आता भटजी झालो." काकांनी वाद घातला नाही. ते शेवंतीकडे गेले आणि तिने मासे विकणाऱ्या बायकांना गोळा केलं. खडपावरचा मासा एकीनेही टोपलीत घेतला नाही. काका खुशीत सांगायचे, "सरकारान नाय, शेवंतीन बंद केल्यान. बाईन टोपली उचलली नाय तर मासो घेवन करशात काय? डोक्यार घेवन नाचशात?"

इथे मात्र एकदा त्यांचं गणित चुकलं. मुलाने मोबाइलवर नकाशा दाखवला होता, पण त्यांनी स्वतःच्या खुणा ठरवल्या. बांधकामावरच्या पिवळ्या क्रेनचा हात कोपऱ्यावरच्या गोपुरावर आला की डावीकडे वळायचं, घर येतं. आठवडाभर ते बरोबर घरी आले. मग एका सकाळी क्रेनचा हात फिरला. काका तो गोपुरावर येईल तिथपर्यंत चालत राहिले आणि रिंग रोड ओलांडून भलतीकडे गेले. दुपारी एका रिक्षावाल्याने त्यांना आणून सोडलं. त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता. "अक्का, अज्जंगे मने गोत्तिल्ला," असं तो हसत म्हणाला. आजोबांना घर माहीत नाही! काकांना कन्नड येत नव्हतं, पण हसणं कळलं. सुनेने पाणी दिलं, मुलगा रागावला. काका खुर्चीत बसून माझ्याकडे बघत म्हणाले, "माझी खूण चुकाक नाय गो. खूण फिरली."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अकराला आले ते वही घेऊनच. खडपाच्या हद्दीची एक खूण देवळाचा कळस होती, दुसरी वाकडा माड. दर्यातून दोन्ही एका रेषेत दिसले की हद्द. "कळस ऱ्हवतलो. माड पडतलो. झाडार हद्द बांधलंय, ही माझी चूक. तू लिव." मी दोन्ही खुणा लिहिल्या, नीट आकृती काढली. मग नव्या पानावर "माड पडल्यास" असं लिहिलं आणि कारखान्यातून फोन आला. ड्रॉइंगमध्ये एक माप राहिलं होतं. मी म्हटलं, "उद्या बसूया, काका." उद्या मी जयनगरला गेले, परवा पाहुणे आले. बुधवारी पहाटे काका झोपेतच गेले.

वही शेवटी तिसऱ्या खोक्यात सापडली. "माड पडल्यास." खाली पान कोरं. टेबलावर वहीशेजारी त्यांचं पाण्याची खोली मोजायचं शिशाचं वजन होतं, मुलाने घर आवरताना मला दिलेलं. दोन वर्षं ते माझ्या कागदांवर ठेवायला वापरते आहे. आज उलटं करून पाहिलं तर बुडाच्या खळग्यात वाळलेला साबण दिसला.

हा साबण माझाच. काकांनी माझ्या मोरीतली वडी घेऊन त्या खळग्यात भरली होती आणि दोरी बांधून शिसं बाल्कनीतून खाली सोडलं होतं. वॉचमन ओरडला, "अज्जा, एनु माडतिद्दीरा?" आजोबा, काय करताय? काकांनी शांतपणे दोरी वर ओढली. साबणाला कुंडीतली माती आणि चॉकलेटचा कागद चिकटला होता. ते म्हणाले, "तळ गावलो." मी हसत होते आणि ते बोलत होते, "वाळू लागली तर तू खडपाच्या भायर. साबण कोरो इलो तर खडपार. वरची खूण गेली तर खालची बघूची."

म्हणजे त्यांनी सांगितलं होतं. मी ते म्हाताऱ्याचा खेळ समजले.

१० जुलै. आज सकाळी सहाला शेवंतीला फोन लावला. तिने उचलल्यावर मी आधी विचारलं, "वारो खंयचो?" ती म्हणाली, "दक्षिणेचो. पडाव-होडये वर ओढलेले आसत. खडपार कोण जावक नाय."

मी तिला साबणाचं सांगितलं. दर्या शांत झाला की हद्दीवर शिसं टाकत जायचं, साबण कोरा येतो तिथपर्यंत आपलं.

"काकान तुका सांगल्यान?"

"सांगितलेल्यान. मी लिवक नाय."

"ऱ्हवांदे. शिसा मात्र तेचाच धाड. माझ्या बोलण्यार भांडतले, तेच्या शिशार नाय."

मोरीतली नवी वडी आणि ते शिसं मी एका खोक्यात घातलं. कुरियरच्या दुकानात तिथल्या मुलीने वजन केलं आणि आत काय आहे ते विचारलं. मी फॉर्मवर लिहिलं, मोजमापाचं साधन. घरी येऊन वही उघडली आणि कोरं पान भरून काढलं.