मामाच्या कोपराखालचा चॉकलेटी

आमचा मामा लोकांची घरं रंगवतो. आज कुठला रंग झाला हे संध्याकाळी त्याला विचारावं लागत नाही, भुवयांवरून कळतं. दारातच मामी टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी घेऊन उभी असते. घासूनपुसून झाल्याशिवाय त्याला खुर्ची मिळत नाही.

त्यामुळे त्याच्या डाव्या कोपराखाली चॉकलेटी ठिपका दिसला, तेव्हा तिनं सवयीनं चिंधी फिरवली. ठिपका ढिम्म. दुसऱ्या दिवशी तिनं जोर लावला. पुढच्या आठवड्यात रॉकेल आणलं, मग भांड्यांची घासणी. मामा बोंबलला, कातडी लालभडक झाली, ठिपका जिथल्या तिथे.

"ऑइलपेंट आहे गं. चिवट असतो."

"पण चॉकलेटी रंग दिलात कुणाकडे?"

"दिला असेल कुठल्यातरी दाराला."

मी त्याची भाची, तोंडाची फटकळ. "मामा, डॉक्टरला दाखव," म्हणून मी त्याच्या मागेच लागले.

"नको. एवढासा पोपडा खरवडायला जावं, तर अख्खं प्लास्टर हातात येतं."

तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर शीळ घालत उभा राहणारा हा माणूस दवाखान्याच्या चार पायऱ्या बघून गारठायचा. मला असा संताप यायचा! तोवर तिळाएवढा ठिपका शर्टाच्या बटणाएवढा झाला होता.

शेवटी एके दिवशी मामीनं बाटली खाली ठेवली. "अहो, पाच महिने टिकेल असा रंग तुम्ही आजवर एका भिंतीला दिलेला नाही. चपला घाला."

मामानं चपला घातल्या. मीही त्यांच्या मागोमाग निघाले.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "कधीपासून आहे? रंग बदलला का?"

"छे हो, पहिल्यापासून असाच," मामी म्हणाली.

मामानं खिशातून रंगांचं शेड-कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. तपकिरी रंगाच्या चौकोनांपुढे पेन्सिलीनं तारखा लिहिल्या होत्या. आधी बदामी, मग कॉफी, मग चॉकलेटी. शेवटची तारीख चार दिवसांपूर्वीची, जवळजवळ काळ्या चौकोनापुढे.

"डाग कसा बदलतो ते लिहून ठेवा, हे मी लोकांना सांगून सांगून थकते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण शेड-कार्ड घेऊन आलेले तुम्ही पहिलेच."

मामीचं बोट मात्र बदामीवर अडकलं होतं. "ही तारीख मी पहिल्यांदा घासलं त्याच्याही आधीची आहे. म्हणजे हा रंग नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

मामानं शर्टाची बाही कोपराखाली ओढली.

"मग पाच महिने माझ्याकडून घासून कशाला घेत होतात?"

"वाटायचं," तो म्हणाला, "तू घासतेयस, तर निघेलही."

मामी तिथेच रडायला लागली. मलाही भरून आलं, पण कुणीतरी रुमाल शोधायला हवा होता.

ठिपका काढला, तपासायला पाठवला. आजार वाईटच निघाला, पण अगदी सुरुवातीचा, आणि सगळा निघाला होता. "आणखी वर्षभर थांबला असतात तर..." एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शेड-कार्ड आता मामीकडे असतं. दर रविवारी ती मामाला खिडकीत उभा करते आणि एकेक तीळ कार्डाशी लावून बघते.

"यापेक्षा घासणी बरी होती," मामा कुरकुरतो, आणि न सांगता दुसरा हात वर करतो.