हिरव्या साडीमागची मुलाखत

भागीरथा टीचरनं मला आपल्या बोर्डात घेतलं ते माझ्या हुशारीवर नव्हे. माझं इचोड्यात हायवेला लागून मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे, शिक्षण बारावी नापास, आणि महिपत गिऱ्हाइकाशी भांडतो अशी गावभर ख्याती. एके दिवशी टीचर दुकानात आल्या, स्कूटीचा आरसा घेतला, माझ्याकडं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "महिपतराव, तुमच्या कपाळावर कायम आठी असते. मला बोर्डात एक आठीवाला माणूस पाहिजे. रविवारी येता का?" ज्या आठीपायी मी आयुष्यभर बायकोची बोलणी खाल्ली, तिची कोणीतरी किंमत केली. मी गेलो.

बोर्ड भरायचा त्यांच्या घराच्या ओसरीत. अधिकारी व्हायच्या परीक्षेत लेखी पास झालं की शेवटी मुलाखत असते. चार-पाच मोठी माणसं समोर बसतात, इकडचं तिकडचं विचारतात आणि माणसाच्या व्यक्तिमत्त्वाला गुण देतात. आमच्या तेलंगणानं ग्रूप वनच्या परीक्षेतून मुलाखत काढून टाकली. दिल्लीच्या परीक्षेत ती आहेच, आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहे. जुन्यापुराण्या पुस्तकांवर मान मोडून लेखी काढलेली आमच्या भागातली पोरं तिथं जाऊन दातखीळ बसल्यासारखी गप्प होतात. त्यांची भीती मोडावी म्हणून टीचर रविवारी खोट्या मुलाखती घेत. बेल्याहून, जैनथहून, उटनूरहून पोरं यायची. फी नाही, वर चहा.

टीचर मराठी शाळेतून हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेल्या. पांढरी साडी, चष्म्याला दोरी, आणि बोलणं छापल्यासारखं. आम्ही सगळे आमी-तुमी करणारे, पण त्यांच्या तोंडून 'आम्ही'तला ह कधी सुटायचा नाही. खुर्चीत बसल्या की पाठ खुर्चीच्या पाठीला लागलेली, मान ताठ. त्यांच्यासमोर मी दुकानातसुद्धा बनियनवर बसत नसे.

बोर्डात तिसरे बाबाराव. नायब तहसीलदार होते. रिटायर झाले तरी बोलण्यातली कचेरी काही गेली नाही. "मामला असा आहे" म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही आणि "सबब" म्हटल्याशिवाय संपत नाही.

आता टीचरची खरी करामत सांगतो. निरोप समारंभात शाळेनं त्यांना एक साडी दिली होती, पोपटाला लाज वाटेल इतकी हिरवी. ती त्यांनी जन्मात नेसली नसती. त्यांनी ती ओसरीत दोरीवर आडवी टांगली. पहिल्या रविवारी उमेदवार मागच्या दारानं यायचा आणि साडीपलीकडे बसायचा. नाव नाही, गाव नाही, फक्त नंबर. आम्ही विचारायचं, तो बोलायचा, हायवेवरून ट्रक गेला की दोन्हीकडची माणसं थांबायची. मग टीचर आमचे गुण शाळेच्या जुन्या फळ्यावर खडूनं लिहायच्या आणि फळा भिंतीकडं तोंड करून ठेवायच्या. पुढच्या रविवारी साडी काढलेली. तीच पोरं समोरासमोर, प्रश्न नवे, गुण नवे. शेवटी टीचर फळा फिरवायच्या आणि दोन्ही रविवारचे गुण शेजारी शेजारी दिसायचे.

मला वाटलं, परीक्षा पोरांची आहे. पहिल्यांदा फळा फिरला तेव्हा कळलं की परीक्षा आमची होती. एका काळ्यासावळ्या, मळक्या शर्टाच्या पोराला मी साडीआड भरभरून गुण दिले होते आणि तोंड पाहिल्यावर हात आखडला होता. तालुक्यातल्या एका डॉक्टरच्या गोऱ्यागोमट्या मुलाचं उलटं. बाबारावांचा तोल तर आडनाव ऐकलं की इकडे नाहीतर तिकडे जायचा. टीचर कोणाला रागवायच्या नाहीत. खडूनं दोन आकड्यांच्या मधे एक रेघ मारायच्या आणि म्हणायच्या, "हा फरक मुलाचा नाही. आपला आहे." मला त्याचा फार राग यायचा. आणि पुढच्या रविवारी मी वेळेच्या आधी हजर असायचो.

टीचरचे स्वतःचे आकडे मात्र कधी हलले नाहीत. साडी असो नसो, एखादा गुण इकडे तिकडे. बाबाराव त्यांना तराजू म्हणायचे.

त्यांना हे वेड का लागलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. ऐन विशीत त्यांनी एका मोठ्या नोकरीची लेखी परीक्षा चांगल्या नंबरानं काढली होती. मुलाखतीत समोरच्यांनी विचारलं, गाव कोणतं? वडील काय करतात? वडील देशमुखाकडं सालानं राबायचे, ते त्यांनी सांगितलं. झालं, या आता, म्हणाले. "माझ्या वाट्याला दोन प्रश्न आले, महिपतराव," त्या म्हणाल्या, "आणि दोन्हींत माझं असं काहीच नव्हतं." पुढं त्या मास्तरीण झाल्या आणि उभा जन्म त्यांनी मुलांना शिकवण्यात घालवला. रडगाणं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर त्या बोर्डाच्या नावानं आजपर्यंत शिव्या घातल्या असत्या.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात सपना आली. बाप लखन जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या उतरवतो, घर टीचरच्याच समाजाचं, इचोड्यापासून थोडं आत. पोरीनं दिल्लीची लेखी परीक्षा काढली होती. वयाचं गणित असं की ही तिची शेवटची खेप. यंदा नाही तर कधीच नाही. मुलाखत तिनं मराठीतून मागितली होती, तिथं दुभाषा देतात.

साडीमागं ती काय बोलली! बाबारावांनी विचारलं की गावात दोन समाजांत तंटा झाला तर अधिकारी म्हणून आधी काय करशील. ती म्हणाली, "आधी दोघांच्याबी घरी पाणी पिईन. कोणाकडं पिले नाही ते गाव ध्यानात ठेवते." बाबारावांचं "सबब" घशात अडकलं. मी चौदा दिले, बाबारावांनी पंधरा, टीचरनी सोळा. वीसपैकी सोळा त्या कोणाला देत नसत.

दुसऱ्या रविवारी साडी निघाली. सपना आली, नमस्कार केला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. पाठ कुठं टेकलेली नाही, हात गुडघ्यांत, अर्धं अंग उठायच्या तयारीत. उत्तरं वाईट नव्हती. पण तिला पाहून आमचाच जीव टांगणीला लागला होता. गुण लिहून दिले. फळा फिरला. माझे बारा, बाबारावांचे बारा, आणि सोळाच्या शेजारी टीचरचे नऊ.

बाबारावच टीचरच्या मदतीला धावले. "मामला असा आहे की मुलीला कॉन्फिडन्स नाही. सबब गुण कमी."

"मागच्या रविवारी होता," टीचर म्हणाल्या. "आठवड्यात कुठं गेला?" त्या सपनाकडं वळल्या. "तू अशी काऊन बसली?"

मी चमकलो. 'का'ला काऊन म्हणणारे आम्ही, त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

सपना गोंधळली. "कशी, टीचर? आमी घरी असेच बसतो. बाबाबी असेच बसतात."

टीचरनी चष्मा काढला. "माहे बाबाबी असेच बसायचे," त्या म्हणाल्या. "देशमुखानं कधीमधी बस म्हटलं तर कडेवरच. कवा ऊठ म्हणतील याचा नेम नव्हता. मीबी तशीच बसली होती त्या मुलाखतीत. तिथून आली आन् मी टेकून बसायले शिकली. इतकी शिकली, की आज ही पोरगी तशी बसली तर मीच तिचे सात गुण कापले." रडल्या नाहीत. खडू घेतला आणि सोळा आणि नऊच्या मधे रेघ मारली, नेहमीपेक्षा जाड. "हा फरक माझा आहे. हे कोणी पुसायचं नाही."

मास्तरकीचा तोरा मी पुष्कळ पाहिला आहे. पोरांच्या देखत स्वतःच्या नावावर अशी रेघ मारणारा मास्तर पाहिला नव्हता. मी त्या दिवशी दुकानात कोणाशी भांडलो नाही.

पण रेघ मारून सपनाचं काय होणार? बाबाराव म्हणाले तेही खोटं नव्हतं, दिल्लीत कोणी साडी टांगणार नाही. पोरीला टेकून बसायला शिकवा, दोन दिवसांचं काम आहे. टीचरना ते पटलं नाही, पण पोरीची शेवटची खेप होती, तत्त्वं कवटाळून चाललं नसतं. सपना आठवडाभर टीचरच्या घरी खुर्चीला पाठ लावून पेपर वाचत बसली, पाठ लावून जेवली. पुढच्या रविवारी बसलीही टेकून, अगदी फोटो काढावा तशी. आणि बोलणंही फोटोसारखंच झालं. बाबारावांनी मुद्दाम तोच तंट्याचा प्रश्न विचारला. ती "दोन्ही पक्षांना विश्वासात घेऊन" असलं काहीतरी म्हणाली. पाणी आटलं होतं.

टीचरनी हात वर केला. "सपना, तुझं मन कुठं आहे?"

"पाठीत हाय, टीचर," ती म्हणाली. "सुटून तं नाही राह्यली ना, हेच पाहून राह्यली मी."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. टीचर म्हणाल्या, "मी सांगणार नाही. मी एकदा ठरवलं ते माझ्यापुरतं होतं. तूच ठरव."

सपनानं विचार केला. मग कडेवर सरकली, हात गुडघ्यांत घेतले आणि म्हणाली, "मी अशीच बसतो, टीचर. समोर ती हिरवी साडी हाय असं धरतो आन् बोलतो." दुसऱ्या दिवशी टीचरनी साडीचा पदर कापून तिच्या पिशवीत घातला. साडी तशीही नेसायच्या लायकीची नव्हतीच.

एप्रिलात निकाल लागला. सपनाचं नाव यादीत होतं, खालच्या बाजूला, पण होतं. डाक खात्यात अधिकारी. मी दुकान बंद करून पेढे आणायला पळालो. इचोड्याच्या चौकात मला हसताना पाहून दोन जणांनी तब्येत विचारली. मागून गुण कळले. लेखीत, जिथं तपासणाऱ्याला नाव दिसत नाही, तिथं पोरगी भल्याभल्यांच्या पुढं होती. मुलाखतीत बरीच मागं. लेखीनं तिला ओढून काढलं होतं.

बाबाराव म्हणाले, "झालं गेलं. काम झालं ना?"

"झालं," टीचर म्हणाल्या. त्यांनी पेढा अर्धा खाल्ला. "मी खूश आहे, बाबाराव. आणि मला राग पण आला आहे. दोन्ही राहू द्या." त्या संध्याकाळी त्यांनी उरलेली साडी धुऊन इस्त्री केली. रविवारी उटनूरची पोरं यायची होती.

दोन दिवसांनी लखन आला. जिनिंगचा कापूस अजून केसांत होता, पिशवीत गावरान कैऱ्या. पिशवी दारातच ठेवून तो उभा राहिला. टीचरनी खुर्ची पुढं केली, तीच, मुलाखतीची. तो बसला. कडेवर, हात गुडघ्यांत, जशी पोरगी बसली होती तसाच.

"टेकून बसा ना, लखनभाऊ," बाबाराव म्हणाले. "आता तुमी साहेबाचे बाप."

लखन बिचारा मागं सरकला. पाठ टेकली आणि तोंडावरचं हसू गेलं. काय बोलायला आला होता तेच विसरला. पुन्हा हळूच पुढं आला आणि ओशाळून टीचरकडं पाहू लागला.

टीचर नेहमीसारख्या ताठ टेकून बसल्या होत्या. एक शब्द न बोलता त्या पुढं सरकल्या. पांढरा पदर सावरला, खुर्चीच्या कडेवर आल्या, दोन्ही हात गुडघ्यांत घेतले आणि विचारलं, "सांगा लखनभाऊ. पोरगी कवा जाऊन राह्यली?"

लखन बोलायला लागला. सपना लहानपणी कापसाच्या ढिगावर बसून कशी वाचायची, फोन आला तेव्हा तिची आई कशी चुलीपुढून उठलीच नाही, सगळं सांगत सुटला. एवढी वर्षं रविवारी शेजारी बसून मी त्या बाईला पुरतं ओळखलं नव्हतं. थोड्या वेळानं खुर्ची करकरली. बाबाराव खोकले आणि तेही पुढं सरकले. मी स्टुलावर होतो, त्याला पाठ नव्हतीच. चहा संपला, दुसरा आला, तोही संपला, आणि लखन बोलत होता तोवर कोणी मागं टेकलं नाही.