कॅसेटवरची हळद

घणसोली गावात मी भाड्याने राहायचो तेव्हा रविवारी दुपारी एका पत्र्याच्या खोलीत व्हिडिओवर इटलीतले तलवारीचे, जादूटोण्याचे स्वस्तातले पिक्चर लागायचे. राक्षस पुठ्ठ्याचे, बोलणं कुणालाच न कळणारं. म्हणून खोलीचा मालक मीठ ओढायच्या फावड्याचा दांडा घेऊन टीव्हीशेजारी उभा राहायचा आणि सगळी गोष्ट आपल्या आगरी बोलीत सांगायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याचं मिठागर नवं शहर वसवायला सरकारने घेतलं होतं, एवढंच ठाऊक.

त्याचा लाडका एक पिक्चर होता. त्यात जादूगार एक गाव बळकावतो आणि हिरो ते सोडवायला निघतो. पण कॅसेटवर शेवटाच्या जागी मालकाने चुकून भावाच्या हळदीचं शूटिंग भरलं होतं. पडद्यावर बायका नाचायच्या आणि हा दांडा फिरवत लढाई सांगायचा. दर वेळी गाव सुटायचं.

एका रविवारी हळद सुरू झाली, पण दांडा फिरला नाही. मागून कुणीतरी विचारलं, "पुढं काय झाला?"

त्याने नाचणाऱ्या बायकांच्या मागे दिसणाऱ्या पांढऱ्या ढिगांवर दांडा टेकवला.

"ह्यो आमचा मिठागर. परवा भराव टाकला त्याच्यावर. हिरो आता आला तरी काय सोडवनार?"